तक्रार नेमकी कुठे द्यायची?

वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

या महिन्याच्या टपालात एक वाक्य पुन्हापुन्हा भेटलं : "ताई, मी मानवाधिकार आयोगाकडे जाऊ का?" पगारात फरक केला, आयोगाकडे जाऊ का. घर नाकारलं, आयोगाकडे जाऊ का. साहेब नको ते मेसेज पाठवतो, आयोगाकडे जाऊ का. आयोगावर लोकांचा एवढा विश्वास आहे हे वाचून बरं वाटतं, पण यातल्या बहुतेकांना माझं उत्तर 'तिथे नको' असंच आहे. आपल्या देशात भेदभाव आणि छळ यांच्याविरुद्ध एकच एक मोठा कायदा नाही. राज्यघटना आहे, आणि तिच्याखाली वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लढ्यांतून आलेले सुटे कायदे आहेत. प्रत्येकाचं कार्यालय वेगळं, मुदत वेगळी. त्यामुळे पत्र हातात आलं की मी आधी बघते, केलं कुणी, कशावरून केलं आणि कुठे केलं. अन्याय किती मोठा हा प्रश्न त्यानंतरचा.

ओळख पटेल असे तपशील पत्रांतून काढून टाकलेत.

प्रश्न : खासगी कारखान्यात पॅकिंग विभागाची सुपरवायझर आहे. तेच काम करणाऱ्या पुरुष सुपरवायझरना माझ्यापेक्षा जास्त पगार मिळतो. विचारलं तर 'त्यांना संसार चालवायचा असतो' असं सांगितलं. राज्य मानवाधिकार आयोगाला अर्ज केला, तो अधिकारक्षेत्रात येत नाही म्हणून निकाली काढला. आता?

संसार बहुधा तुम्हीही चालवत असाल, पण ते राहू दे.

आयोगाने तुमच्यावर अन्याय केला असं समजू नका. मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ चा. त्यानुसार राष्ट्रीय आणि राज्य आयोग मुख्यतः लोकसेवकांकडे बघतात : सरकारी यंत्रणेने हक्कभंग केला, त्याला हातभार लावला, किंवा तो रोखण्यात हलगर्जी केली तर. कोठडीत मारहाण झाली, सरकारी दवाखान्याने रुग्णाला दारातून परत पाठवलं, आश्रमशाळेत मुलांचे हाल झाले, अशा वेळी आयोगाकडे जरूर जा. अर्ज मराठीत चालतो, फी नाही, वकील लागत नाही. मात्र घटनेला एक वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही. चौकशीअंती तो शिफारस करतो, कोर्टासारखा हुकूम देत नाही. खासगी मालकाने पगारात केलेला फरक यात बसत नाही.

तुमचं कार्यालय कामगार खात्याचं. स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याचा १९७६ चा कायदा होता. त्यातलं तत्त्व आता वेतन संहितेच्या कलम ३ मध्ये आलंय. ही संहिता २०१९ ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ पासून. काम तेच किंवा त्याच स्वरूपाचं असेल तर लिंगावरून पगार कमी-जास्त करता येत नाही. 'त्याच स्वरूपाचं' म्हणजे कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी सारखी. मालक इथेच पळवाट काढतो : तुमच्या पदाला वेगळं नाव देतो. हा डाव जुना आहे. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या स्टेनोग्राफर ऑड्री डिकोस्टा यांनी हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. स्त्री स्टेनोग्राफरांचा वर्ग वेगळा आहे, असं कंपनीचं म्हणणं. १९८७ साली न्यायालयाने ते मानलं नाही, आणि पैसे नाहीत ही सबबही चालणार नाही असं बजावलं.

तेव्हा सहकाऱ्यांच्या पगाराच्या स्लिपा चोरून मिळवण्याच्या मागे लागू नका. वेतनाचं रजिस्टर अधिकारी मागवू शकतात. तुम्ही गोळा करायचं ते कामाचं सारखेपण : शिफ्टचं वेळापत्रक, कामवाटपाच्या नोटिसा, कोणत्या लाइनवर कोण होतं त्याच्या नोंदी. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, म्हणजे घाई नाही. पण प्रत्येक महिन्याची थकबाकी त्या-त्या महिन्यापासून जुनी होत जाते, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : माझं वय २६. आठ जणांच्या एका ऑफिसात होते. मालक रात्री मेसेज करायचे, आधी कामाचे, मग 'एकटी आहेस का' असे. एकदा केबिनमध्ये हात धरला. मी राजीनामा दिला. शेवटचा मेसेज चार महिन्यांपूर्वीचा आहे. मैत्रीण म्हणते, तीन महिन्यांची मुदत संपली, शिवाय दहापेक्षा कमी माणसं असतील तर कायदाच लागू नाही. आणि सिद्ध नाही झालं तर माझ्यावरच उलटेल. हे खरं का?

मैत्रिणीने तीन गोष्टी सांगितल्या. पहिली अर्धी खरी, बाकीच्या दोन खोट्या. क्रमाने बघू.

कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. त्याच्या मागे राजस्थानच्या भंवरीदेवींचा लढा आहे. सरकारी योजनेत 'साथिन' म्हणून काम करताना त्यांनी बालविवाह रोखायचा प्रयत्न केला, आणि १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ ला सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकाल दिला. सोळा वर्षं त्या निकालातल्या मार्गदर्शक सूचनांवरच काम चाललं, मग कायदा आला.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर आस्थापनेत अंतर्गत समिती हवी. दहापेक्षा कमी असतील तर समिती ऑफिसात नसते, जिल्ह्यात असते. तिचं नाव स्थानिक समिती. आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर माणसं दहा असोत की हजार, ती स्थानिक समितीकडेच जाते, कारण मालकाने नेमलेल्या समितीने मालकाची चौकशी कशी करायची? पत्ता सापडत नसेल तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. तिथल्या टेबलावर 'अशी समिती नाही' असं कुणी म्हणालंच, तर ते उत्तर लेखी मागा. लेखी म्हटलं की समिती सापडते, असा माझा अनुभव आहे.

मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने, हे बरोबर. पण समितीला आणखी तीन महिने वाढवण्याचा अधिकार आहे. तक्रार वेळेत देता न येण्याचं कारण पटलं पाहिजे आणि समितीने ते लिहून ठेवलं पाहिजे. तुम्ही चौथ्या महिन्यात आहात. तक्रारीसोबत एक वेगळा कागद जोडा : उशीर का झाला. भीती वाटत होती, नोकरी गेली होती, घरी सांगता येत नव्हतं, जे खरं असेल ते. तुमच्या वयाच्या मुलीने हे सगळं घरात बोलायला चार महिने घेतले याचं समितीतल्या कुणाला आश्चर्य वाटू नये. राजीनामा दिल्याने हक्क जात नाही. पण सहा महिन्यांची रेघ ओलांडू नका. हा अंक तुमच्या हातात येईपर्यंत काही आठवडे गेलेलेच असतील.

तक्रारीच्या सहा प्रती द्याव्या लागतात, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. चौकशीत कोणत्याच बाजूला वकील उभा करता येत नाही. याचा अनेकींना धसका बसतो, पण समोरच्याचाही वकील नसतो. मी काही समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. तिथे भाषेचा डौल कुणी बघत नाही. बघतात ते लहान तपशील. त्या रात्री बहिणीला केलेला फोन, दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये जायचं टाळून टेबलावर ठेवलेली फाइल, अचानक घेतलेली रजा, सहकारिणीला 'माझ्याबरोबर थांबशील का' असा पाठवलेला मेसेज. हात धरताना कुणी पाहिलं नसेल, पण आधी आणि नंतर तुम्ही कशा वागलात ते कुणीतरी पाहिलेलं असतं. त्याची तारीखवार टिपणं आजच काढा.

मेसेज पुसू नका. किळस येते म्हणून मुली चॅट उडवतात आणि फक्त स्क्रीनशॉट ठेवतात. मूळ चॅट फोनमध्ये राहू द्या, फोन बदलू नका, विकू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर अशा पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि तेव्हा मूळ फोनच उपयोगी पडतो.

आता उलटण्याबद्दल. कायद्यात जाणूनबुजून खोटी तक्रार केल्यास कारवाईची तरतूद आहे, ती लपवत नाही. पण त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय की तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. दुष्ट हेतू होता हे वेगळ्या चौकशीत ठरावं लागतं. मालकांचे स्नेही तुम्हाला यातला पहिला भाग सांगतील आणि दुसरा गाळतील.

समेटाचा निरोप आला तर? चौकशी सुरू होण्याआधी तुम्ही स्वतः मागितला तरच समेट होऊ शकतो, आणि पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही. 'दोन पगार घे आणि मिटव' असं म्हणणारा माणूस कायद्याबाहेरचं बोलतोय.

हात धरणं आणि तसले मेसेज हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली गुन्हाही होऊ शकतो. पोलिसांचा मार्ग वेगळा, समितीचा वेगळा. एकाने दुसरा बंद होत नाही. दोन्ही घ्यायचे की एकच, हे तुमच्या ताकदीवर ठरवा. फक्त समितीकडे गेलात तरी मला त्यात कमीपणा वाटणार नाही.

प्रश्न : पुरुष असूनही बॉसकडून असा त्रास होत असेल तर?

२०१३ च्या कायद्यात तक्रारदार स्त्रीच असू शकते. त्यात तुम्हाला जागा नाही, आणि ही उणीव आहे असं माझं मत आहे. कंपनीची स्वतःची आचारसंहिता बघा. पुष्कळ कंपन्यांनी ती सर्वांसाठी सारखी केलीय. तुम्ही विद्यार्थी असाल किंवा महाविद्यालयात नोकरीला असाल तर चित्र बरं आहे : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांच्या छळाचीही दखल घेतलीय. धमकी, मारहाण यांत फौजदारी कायदा आहेच.

प्रश्न : मी अनुसूचित जातीचा, जिल्हा परिषदेत नोकरीला. वरिष्ठांनी केबिनचं दार लावून मला जातीवरून बोललं. मी ॲट्रॉसिटी दाखल करायला गेलो तर ठाण्यात सांगितलं, 'साक्षीदार नाही, आधी चौकशी करू, मग बघू.' दार बंद होतं म्हणजे अपमान झालाच नाही का?

अपमान झाला. तो कायद्याच्या कोणत्या कलमात बसतो, हा वेगळा आणि थोडा कडू प्रश्न आहे, म्हणून सावकाश सांगते.

अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यातल्या कलम ३ मध्ये गुन्ह्यांची लांबलचक यादी आहे. २०१५ च्या दुरुस्तीने ती आणखी वाढली. जातीवाचक शिवीगाळ आणि हेतुपुरस्सर अपमान या दोन पोटकलमांत एक अट आहे : तो प्रकार लोकांना दिसेल-ऐकू येईल अशा ठिकाणी घडलेला हवा. जागा सरकारी की खासगी याला महत्त्व नाही. खासगी घराच्या अंगणात रस्त्यावरच्यांना ऐकू जाईल असं बोललं तर ते बसतं, आणि सरकारी केबिनमध्ये चार भिंतींच्या आत, दुसरं कुणी नसताना बोललं तर ते बसत नाही. २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात आणि जानेवारी २०२५ मध्ये करुप्पुदयार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. दुसऱ्या प्रकरणाचे तपशील तुमच्याशी जुळतात : सरकारी अधिकाऱ्याच्या कक्षात प्रकार घडला, सहकारी नंतर आत आले. गुन्हा टिकला नाही.

मला हे पटतं का? पूर्ण नाही. दार लावून बोलणाऱ्याला कायदा ठाऊक असतो, म्हणूनच तो दार लावतो. पण तुम्हाला मी माझं मत पाजून कोर्टात पाठवू शकत नाही. आठवून बघा : दार खरंच बंद होतं की नुसतं लोटलेलं? बाहेर शिपाई बसलेला होता का? आवाज बाहेर गेला का? आत आणखी कुणी फाइल घेऊन उभं होतं का? असेल तर फिर्यादीत पहिल्याच परिच्छेदात ते यायला हवं. फिर्यादीत नसलेली गोष्ट नंतरच्या जबाबात आली की बचाव पक्ष तिला 'नंतर सुचलेली' म्हणतो. पण जे नव्हतं ते मात्र घुसडू नका. बनावट साक्षीदाराने खऱ्या प्रकरणाची जेवढी माती होते तेवढी कशानेच होत नाही.

दुसरं, अपमान एवढंच घडलं का? तुमच्या पत्रात पुढे लिहिलंय की त्यानंतर तुमच्या टेबलाला पाण्याचा जार देणं बंद केलं आणि कामही काढून घेतलं. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार हा याच कायद्यातला स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला 'लोकांसमोर'ची अट नाही. पाण्याचं प्रकरण तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्याही जवळ जातं. घटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता बंद केली, त्या बंदीची अंमलबजावणी करणारा तो पहिला कायदा. तुम्ही पत्रात जिला पहिली जागा दिलीत ती शिवी, कारण ती लागली. वकील म्हणून मला पाण्याचा जार जास्त महत्त्वाचा वाटतो.

तिसरं, ठाण्यातलं 'आधी चौकशी, मग बघू'. २०१८ मध्ये कलम १८-अ आलं. त्यानुसार या कायद्याखाली एफआयआर नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, ठाण्यातल्या हवालदाराने नव्हे. फिर्याद घेत नसतील तर तीच पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, रजिस्टर पोस्टाने, आणि पोचपावती जपा. त्यानंतरही हालचाल नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी या कायद्यात कलम ४ आहे. आणि इथे, बघा, मानवाधिकार आयोगाचाही उपयोग आहे, कारण हलगर्जी पोलिसांची आहे. जातीच्या दाखल्याची प्रत सोबत ठेवा. गुन्हा नोंदला की समाजकल्याण खात्याकडून मिळणाऱ्या अर्थसाहाय्याची चौकशी करा. ते निकालापर्यंत थांबत नाही, टप्प्याटप्प्याने मिळतं.

प्रश्न : माझा फ्लॅट एका मुस्लिम कुटुंबाला भाड्याने द्यायचा ठरवला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, 'आपल्याकडे चालत नाही, ना हरकत देणार नाही.' घटनेत धर्मावरून भेदभाव करता येत नाही ना?

घटनेच्या अनुच्छेद १५ चा पहिला भाग राज्यसंस्थेला बांधतो. दुसरा भाग दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते अशा सार्वजनिक जागांपर्यंत जातो. भाड्याचं घर त्या यादीत नाही. आणि हे वाचून अनेकांना धक्का बसतो : २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा उपविधी, म्हणजे संस्थेचा स्वतःचा नियम, वैध ठरवला. संघटना करण्याचं स्वातंत्र्य, असा त्यामागचा युक्तिवाद. मला तो निकाल कधीच रुचला नाही, पण तो आहे.

तरी तुमची बाजू दिसते त्यापेक्षा भक्कम आहे, कारण इथे मालक तुम्ही आहात आणि तुम्हाला घर द्यायचं आहे. सेक्रेटरींना धर्माचं व्याख्यान देण्यात अर्थ नाही. त्यांना उपविधी दाखवायला सांगा. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, आगाऊ लेखी कळवणं लागतं. तुमच्या सोसायटीने तेच उपविधी स्वीकारलेत का ते तपासा. बहुतेकांनी स्वीकारलेले असतात आणि पुष्कळ सेक्रेटरींनी ते वाचलेले नसतात. मग सोसायटीला पत्र द्या : अमुक तारखेपासून लिव्ह अँड लायसन्सने घर देत आहे, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेली भाडेकरूची माहिती सोबत जोडली आहे. करार नोंदणीकृतच करा, ती कायद्याने मालकाची जबाबदारी आहे आणि नेमकं तिथेच तुम्हाला कोंडीत पकडतील. पत्राच्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. नकार द्यायचा असेल तर कारणासह लेखी मागा. 'मुस्लिम आहेत म्हणून' असं लेटरहेडवर लिहायला भले भले कचरतात. सर्वसाधारण सभेने तसा ठराव केला तरी तो उपविधींच्या वर जात नाही. तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे.

हाच प्रश्न त्या कुटुंबाने विचारला असता, आणि नकार सोसायटीचा नसून घरमालकाचाच असता, तर माझ्या उत्तरातली हवा गेली असती. धर्मावरून घर नाकारणाऱ्या खासगी मालकाला थेट रोखणारा केंद्रीय कायदा नाही. गंमत बघा : एचआयव्हीबाधित व्यक्तीला त्या कारणावरून भाड्याचं घर नाकारण्याला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, तृतीयपंथी व्यक्तीला नाकारण्याला २०१९ च्या कायद्याने मनाई आहे, अस्पृश्यतेच्या भावनेतून वस्तीत घर घेऊ न देणं १९५५ पासून गुन्हा आहे. धर्म, आहार, एकटी बाई, लग्न न झालेलं जोडपं यांच्यासाठी मात्र तसं काही नाही. ही फट कायदेमंडळानेच बुजवायची आहे.

प्रश्न : खासगी दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून निवड झाली. भरतीच्या तपासणीत मला न सांगता एचआयव्ही चाचणी केली, निकाल आल्यावर नोकरी नाकारली. कोर्टात गेलो तर नाव जाहीर होईल म्हणून गप्प आहे.

नाव जाहीर न करता लढता येतं. सोय आजची नाही : १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका कामगाराचा खटला फक्त अक्षरांच्या टोपणनावाने चालला, आणि काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे रोजगार नाकारता येत नाही असा निकाल लागला. आता २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. नोकरीची पूर्वअट म्हणून एचआयव्ही चाचणी करता येत नाही. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येत नाही. या कायद्याखाली राज्यात लोकपाल नेमायचा असतो, तक्रार तिकडे. मोठ्या दवाखान्यांत तक्रार अधिकारीही असायला हवा. तुमच्या बाबतीत चाचणीची संमती घेतली का, हा पहिला मुद्दा ठेवा. सहीचा कागद त्यांनाच दाखवावा लागेल.

प्रश्न : आंतरजातीय लग्न केलं म्हणून जातपंचायतीने आईवडिलांना वाळीत टाकलंय. परत घ्यायला दंड मागतात. पोलीस पाटील म्हणतात, समाजाचा अंतर्गत मामला आहे.

अंतर्गत मामला २०१७ मध्येच संपला. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा आहे, ३ जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून हात झटकायचे नाहीत. पंचायत बोलावणारे, ठरावाला मान डोलावणारे, निरोप पोचवणारे, सगळे यात येऊ शकतात. दंडाची रक्कम भरू नका. भरली असेल तर कुणाच्या हातात, कुणासमोर, कधी दिली ते लिहून काढा. गुन्हा जामीनपात्र आहे, तेव्हा पंच दुसऱ्या दिवशी गावात फिरताना दिसले तर खचू नका. त्याचा अर्थ ते सुटले असा नाही. आईवडील गावात आहेत आणि तुम्ही शहरात, म्हणून एक सांगते : फिर्याद त्यांची असेल, तर त्यांना विचारून करा. त्यांना तिथे रोज राहायचं आहे. ते 'थांब' म्हणाले तर थांबणं हाही त्यांचा हक्क आहे.

प्रश्न : तुम्ही सांगता ते ठीक. वकिलाच्या फीचं काय?

बऱ्याच जणांनी हे पत्राच्या शेवटी, लहान अक्षरांत लिहिलंय. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. म्हणजे वर ज्यांची पत्रं आहेत त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना अट लागत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. फोन करायचा तर १५१००. दिलेला वकील फोन उचलत नसेल, तारखांना हजर राहत नसेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांना अर्ज करून बदलून मागता येतो. 'फुकट मिळालाय, कसं बोलायचं' म्हणून लोक बोलत नाहीत. बोला. त्याचं मानधन सरकार देतं.